एकाच घामाचे तीन आकडे

एकाच मिनिटाला, एकाच साखळीवर, याच दोन पायांनी मी २१०, २०३ आणि १९७ वॅट ताकद लावत होतो. २१० हा आकडा जोर मोजणाऱ्या पेडलचा, २०३ पडवीतल्या ट्रेनरचा (सायकल एका जागी बसवून चालवायचं यंत्र) आणि १९७ डाव्या क्रँकला, म्हणजे पेडल धरणाऱ्या दांड्याला, चिकटवलेल्या मीटरचा. फरक तेरा वॅटचा. ज्याचा सायकलशी फारसा संबंध नाही त्याला हे किरकोळ वाटेल. पण वीस मिनिटं एकाच जोरावर टिकून राहायचा सराव करणाऱ्याला विचारा. वीस मिनिटांची सरासरी काढायची, तिचे ९५ टक्के धरायचे आणि त्या आकड्यावर पुढच्या सगळ्या सरावाची आखणी करायची, ही आमच्यातली रूढ रीत. पायाच तेरा वॅटने हलला तर वरचे सगळे मजले हलतात. सराव पुरा होणं आणि बाराव्या मिनिटाला पाय सुटणं, यांच्यात बहुतेक वेळा तेवढंच अंतर असतं.

मला हे लागतं, कारण वॅटवर माझा जीव आहे. वेगावर नाही. मिरामारहून दोनापावलकडे जाताना वारा समोरून आला तर बत्तिसाचा वेग पंचविसावर येतो, आणि परतताना तोच वारा माणसाला उगाच शूर करून सोडतो. हृदयाच्या ठोक्यांवरही नाही. रात्रीची झोप, सकाळचा चहा, हवेतला दमटपणा, सगळं त्यांच्यात उतरतं. मे महिन्यात फोंड्यात पहाटे साडेपाचला निघालं तरी फर्मागुडीच्या चढावर ठोके दहाने जास्तच दिसतात, चढ तोच आणि जोर तोच असला तरी. वॅट यांतल्या कशालाच बांधलेला नाही. क्रँकवर किती पीळ पडला आणि तो किती वेगाने फिरला, एवढाच गुणाकार. माणसाने केलेल्या कष्टाचं इतकं निर्लेप माप दुसरं मला माहीत नाही. म्हणून तीन उपकरणं तीन आकडे सांगू लागली की मला स्वस्थ बसवत नाही.

हे माप सायकलवर आणण्याचं श्रेय मोठ्या प्रमाणात उलरिक शोबेरर या जर्मन अभियंत्याला जातं. त्याने १९८६ मध्ये एसआरएम नावाने क्रँकमध्ये बसणारं मीटर बनवलं. आतली युक्ती त्याहून जुनी: स्ट्रेन गेज. नागमोडी वळवलेली अतिशय पातळ धातूची पट्टी लोखंडाला किंवा अ‍ॅल्युमिनियमला चिकटवायची. पायाच्या जोराने धातू वाकतो, डोळ्यांना दिसणारही नाही इतका, आणि त्याच्याबरोबर पट्टी ताणली जाते. ताणली की तिचा विद्युतरोध बदलतो. ३५० ओहमच्या पट्टीत बदल होतो तो एक ओहमचाही नसतो. तेवढ्या कणभर बदलावरून पीळ ओळखायचा, तोही घामाच्या धारा, खड्डे, चिखल आणि आमचा चार महिन्यांचा पाऊस सोसत. हे जमतं याचंच मला अजून अप्रूप आहे, म्हणून दोन-चार वॅटसाठी उपकरणांना शिव्या देणाऱ्यांत मी नाही. पण फरक का पडतो, हे मात्र मला समजून घ्यायचं असतं.

पहिलं उत्तर सोपं आहे. तिन्ही उपकरणं एकाच जागी मोजत नाहीत. पेडल मोजतं ते बुटाखाली. ट्रेनर मोजतो ते साखळी, दातेरी चक्रं, गिअर बदलणाऱ्या डिरेल्युअरच्या छोट्या चकत्या हे सगळं ओलांडून पलीकडे पोचलेलं. वाटेत दोन ते चार टक्के घर्षणात जातात, साखळी स्वच्छ आणि तेल दिलेली असेल तर कमी, जुनी आणि कोरडी असेल तर जास्त. म्हणजे २१० टाकले आणि २०३ पोचले, यात भांडणच नाही. उलट पेडलपेक्षा ट्रेनर जास्त दाखवू लागला तर काळजी करावी, कारण साखळी स्वतःची ताकद घालत नाही. फरक किती, याच्याही आधी फरक कोणत्या दिशेने आहे हे पाहावं. ही साधी गोष्ट मला कुणी सुरुवातीला सांगितली असती तर बऱ्याच रात्री शांत गेल्या असत्या.

खरा गुंता १९७चा होता. डाव्या क्रँकवरचं मीटर फक्त डावा पाय मोजतं आणि दुप्पट करतं. स्वस्त पडतं, बसवायला सोपं, म्हणून आमच्याकडच्या बऱ्याच जणांकडे तेच आहे. त्यामागे गृहीत असं की दोन्ही पाय सारखे. माझे नाहीत. कॉलेजात फुटबॉल खेळताना डावा घोटा दुखावला होता, गोव्यातल्या निम्म्या मुलांचा दुखावतो तसा, आणि उजवा पाय तेव्हापासून थोडं जास्त ओढतो. दोन्ही बाजूंनी मोजणारी पेडल डिचोलीच्या मित्राची. ती माझ्या सायकलला लावून पाहिलं तर वाटणी ४८–५२ आली. बरं, मग २१०चे ४८ टक्के काढून दुप्पट करा. २०१-२०२ यायला हवेत. क्रँक सांगत होतं १९७. चार-पाच वॅट कुठे गेले?

मित्राचं म्हणणं, सोड. "अरे, कुठलं तरी एक धर आणि त्याच्याशीच स्वतःला ताडून बघ. सातत्य असलं की पुरे, बरोबर असायची गरज नाही." हा सल्ला तुम्ही कुठेही ऐकाल. मला तो पटत नाही, आणि का पटत नाही ते सांगण्यासाठीच खरं तर हे लिहायला बसलो. पण आधी त्या चार-पाच वॅटचा छडा.

उपकरण उपकरणाला तपासू शकत नाही. दोघांचं पटलं नाही तर तिसरं आणावं, तिसऱ्याचंही पटेना तर चौथं, याला अंत नाही. तपासणी करायची तर ज्याला बॅटरी नाही, ज्यात हिशेब नाही अशा गोष्टीने करायला हवी. वजनाने. क्रँक आडवा ठेवायचा, ब्रेक घट्ट बांधायचा, पेडलच्या आसाला माहीत असलेलं वजन टांगायचं. वजन गुणिले गुरुत्वाकर्षण गुणिले क्रँकची लांबी: इतका पीळ पडलाच पाहिजे. काही उपकरणांच्या अ‍ॅपमध्ये स्थिर टॉर्क, म्हणजे हाच पीळ, दाखवणारं पान असतं (सगळ्यांत नसतं, विकत घेण्याआधी पाहावं), त्यावर तोच आकडा दिसायला हवा.

वजन कुठून आणायचं? व्यायामशाळेतल्या लोखंडी तबकड्यांवर दहा किलो लिहिलेलं असतं, पण त्या कुणी तपासलेल्या नसतात. मी फोंड्याच्या बाजारातल्या आमच्या नेहमीच्या किराणा दुकानात गेलो. तिथे अजून जुनी षटकोनी लोखंडी वजनं आहेत. काकांनी दहा किलोचं वजन काउंटरवर आडवं करून मला त्याची खालची बाजू दाखवली. तिथे एक भोक असतं, शिसं ओतून बुजवलेलं, आणि त्या मऊ शिशावर वजनमापे खात्याचा निरीक्षक शिक्का ठोकतो. एकावर एक ठोकलेल्या शिक्क्यांच्या खुणा बोटाला लागतात. वजन झिजलं तर त्याच शिशात भर घालून ते पुन्हा बरोबर करतात. पन्नास रुपयांच्या गुळात गिऱ्हाईक फसू नये म्हणून एवढी व्यवस्था. "सायकलला कशाला रे वजन?" काकांनी विचारलं. मी सांगितलं. त्यांनी पूर्ण ऐकून घेतलं आणि म्हणाले, "मग काटा बघायचाय म्हण ना तुला. ने. संध्याकाळी आण."

पडवीत सुंभाच्या दोरीने ते पेडलला टांगलं. पहिल्यांदा वजन झोके घेत होतं आणि अ‍ॅपमधला आकडाही त्याच्याबरोबर वरखाली होत होता. वजन थांबायची वाट पाहावी लागते. क्रँक आडवा आहे की नाही हे गवंड्याच्या लेव्हलने पाहिलं. क्रँक १७० मिलिमीटर. गुरुत्वाकर्षणाचा आकडा मात्र शाळेतला ९.८१ घ्यायचा नाही. पृथ्वी फिरते आणि विषुववृत्ताकडे फुगलेली आहे, त्यामुळे आपल्या अक्षांशावर, समुद्रसपाटीला, तो ९.७८ च्या जरासा वर येतो. फरक पाव टक्क्याचा. पाव टक्का सोडला तरी चालेल असं कुणी म्हणेल, पण मला तो सोडवला नाही. आपल्याच गावात, आपल्या पायाखाली पृथ्वी किती ओढते ते आपल्या हिशेबात असावं असं मनापासून वाटलं. तर १० गुणिले ९.७८४ गुणिले ०.१७: १६.६३ न्यूटन-मीटर.

डाव्या क्रँकने दाखवले १६.६. म्हणजे ज्याच्यावर संशय होता ते उपकरण निर्दोष निघालं. पेडलने दाखवले १६.९, आणि दोन्ही बाजूंना सारखेच. दीड टक्का जास्त. आता दीड टक्का दोन्ही पेडलवर नेमका सारखा, हे योगायोगाचं नव्हतं. पेडल फक्त जोर मोजतं. लांबी त्याला आपण सांगायची असते, मग ते गुणून पीळ काढतं. मित्राच्या सायकलचे क्रँक १७२.५ मिलिमीटरचे. पेडल माझ्या सायकलला लागले, पण अ‍ॅपमध्ये लांबी त्याच्याच क्रँकची राहिली होती. अडीच मिलिमीटर, तांदळाच्या दाण्याच्या जाडीहून थोडंसं जास्त, आणि तेवढ्यात २०७चे २१० झाले. लांबी बदलली, पुन्हा वजन टांगलं, १६.६. आणि २०७च्या साडेसत्तेचाळीस ते अठ्ठेचाळीस टक्क्यांची दुप्पट म्हणजे १९७ ते १९९. हिशेब बसला. ट्रेनरचे २०३ आता पेडलपेक्षा दोन टक्क्यांनी कमी, नव्या साखळीला शोभेल इतकेच.

लांबी सुधारल्यावर तिन्ही उपकरणं खरं बोलत होती, तरी १९७ हे माझं माप नव्हतं. ते माझ्या डाव्या पायाचं माप होतं.

आता सातत्याबद्दल. भजनात पेटी पाव सुराने उतरलेली असली तरी एकटी असेल तर निभावतं. गाणारा तिच्याच सुरात लावून घेतो. मित्राच्या सल्ल्यात एवढं तथ्य आहे. पण पेटीचं मधलं सप्तक बरोबर आणि वरचं उतरलेलं असेल तर कुठल्याही पट्टीत गाऊन उपयोग नाही. डाव्या क्रँकचं तसंच होतं. मी सावकाश चालवतो तेव्हा, १५० वॅटच्या आसपास, माझा डावा पाय आळशी असतो, वाटणी ४६–५४ आणि मीटर दाखवतं १३८. जोर वाढवला, २६० पर्यंत गेलो, की डावा पाय जागा होतो, ४९–५१, आणि मीटर दाखवतं २५५. म्हणजे खाली आठ टक्के चूक आणि वर दोन टक्के. सातत्य उपकरणात असतं, पायात नसतं. पुढे समजा हंगामभर कसून सराव केला, खरी ताकद २०७ वरून २१५ झाली, आणि डाव्या पायाच्या व्यायामाने वाटणी साडेअठ्ठेचाळिसावर आली. मिळवले आठ वॅट, पण मीटर साडेअकरा दाखवेल. साडेतीन वॅट कौतुक फुकटचं. पुढच्या हंगामात घोटा पुन्हा कुरकुरला की तेच साडेतीन वॅट विनाकारण हिरावले जातील, आणि माणूस आपण ढासळलो म्हणून खचेल. ज्याने पहाटेची झोप मोडून मेहनत केली त्याला त्याचं माप बरोबर मिळालंच पाहिजे. वाणी गुळाचं देतो तसं.

दुसरी चूक आमच्या हवेची. उन्हाळ्यात सायकल रात्री एसीच्या खोलीत ठेवायची, तिथेच मीटरचं झिरो करायचं, म्हणजे भार नसताना ते शून्य दाखवेल असं लावायचं, आणि बाहेर पडायचं, असं करणारे अनेक जण मी पाहतो. खोलीत २४ अंश, बाहेर सकाळी आठलाच ३१. धातू तापतो, पट्टी तापते, आणि पायाचा भार नसतानाही मीटरला थोडा पीळ भासू लागतो. बरीच नवी उपकरणं तापमानानुसार दुरुस्ती करतात, पण धातू आतून तापेपर्यंत वेळ लागतोच. ही चूक टक्क्यांत येत नाही, सरळ बेरजेत येते. अर्धा न्यूटन-मीटर खोटा पीळ, मिनिटाला नव्वद फेऱ्या: पावणेपाच वॅट. एकाच बाजूचं मीटर असेल तर दुप्पट करताना तीही दुप्पट, साडेनऊच्या घरात. तुम्ही ३०० वॅट लावत असा की १००, तेवढेच. म्हणून सावकाश दिवसांचे आकडे जास्त बिघडतात आणि जोराच्या दिवसांचे कमी. उपाय फुकटचा आहे. सायकल आधी बाहेर काढा, बूट चढवा, पाण्याच्या बाटल्या भरा, पंधरा मिनिटं जाऊ द्या, मग पेडल मोकळं सोडून झिरो करा. चढाच्या पायथ्याशी मिनिटभर थांबून पुन्हा केलं तर उत्तम.

ट्रेनरला वजन टांगायची सोय नाही. त्याची परीक्षा घाटातूनच होते, तीही आडवाटेने. सायकल, माणूस, बाटल्या, बूट धरून ८२ किलो १०० मीटर उंच न्यायचे आणि ४०० सेकंद लागले, तर नुसत्या गुरुत्वाकर्षणाविरुद्ध २०० वॅट खर्च झाले. साधारण सहा टक्क्यांच्या चढावर टायरचं घर्षण आणि हवा मिळून वर आणखी तिसेक. हा हिशेब कुठल्याही कंपनीच्या हातात नाही. फर्मागुडीच्या चढाची उंची मी नकाशाच्या समोच्च रेषांवरून काढली, कारण सायकलच्या कॉम्प्युटरमधला दाबमापक पावसाळी दिवसांत हवेच्या दाबाबरोबर भरकटतो. वारा नसलेल्या पहाटे, पेडल लावून, ठरलेल्या दोन खांबांमध्ये. साखळीत जाणारे चार-पाच वॅट धरून हिशेब आणि पेडल दोन-तीन वॅटच्या आत जुळले. पेडलवर भरवसा बसला, मग त्याच पेडलने पडवीत ट्रेनर तपासला. कमी जोरावर आणि जास्त जोरावर, थंड असताना आणि वीस मिनिटं चालून तापल्यावर. सुरुवातीची दहा मिनिटं तो जरा जास्त दाखवतो, मग स्थिरावतो. एवढं कळलं की त्याच्याशी जमतं.

सरासरीवरून होणारे वाद मी लवकर मिटवतो. जुने गोवेच्या धक्क्यावरून फेरीबोटीने दिवाडीला जाणाऱ्या दोघांतल्या एकाचा कॉम्प्युटर थांबल्यावर आपोआप थांबतो आणि दुसऱ्याचा चालूच राहतो. तासभर १८० वॅटने चालवलं आणि चांगली पंधरा मिनिटं फेरीत गेली, तर एकाची सरासरी १८० आणि दुसऱ्याची १४४. उपकरणांचा काही दोष नाही, शून्यं मोजली की नाही एवढाच प्रश्न. आणि ज्यांच्याकडे मीटरच नाही, अ‍ॅपने वेगावरून अंदाज बांधलेला वॅट आहे, त्यांनी तो मिरामारच्या किनाऱ्यावर तरी धरू नये. वारा किती आणि पुढे कुणाच्या आडोशाला चाललात, हे अ‍ॅपला ठाऊक नसतं.

एक गोष्ट मात्र उपकरणांच्या माथी मारू नये. पडवीत आपण खरंच कमी वॅट लावतो. शरीर चार-पाच हिश्श्यांतला एकच हिस्सा पेडलला देतं, बाकी उष्णता. २०० वॅट लावले की सातशेच्या आसपास वॅट उष्णता अंगातून बाहेर पडायला हवी. रस्त्यावर पंचवीसच्या वेगाची हवा ती घेऊन जाते. पडवीत जुलैच्या दमट दुपारी घाम सुकतच नाही, नुसता टपकतो, आणि टपकलेला घाम काहीच थंड करत नाही. हृदय मग बरंच काम कातडीकडे रक्त नेण्यात घालवतं. अशा वेळी ट्रेनर रस्त्यापेक्षा पंधरा वॅट कमी दाखवत असेल तर त्यातले चार साखळीचे, आणि बाकीचे खरे, आपल्या अंगातून कमी झालेले. मी दोन पंखे लावतो, एक छातीवर आणि एक पाठीवर. फरक पडतो.

मित्राची तयारी अर्ध्या आयर्नमॅनची आहे. ती शर्यत २०१९ मध्ये पहिल्यांदा मिरामारला झाली, तेव्हापासून त्याच्या डोक्यात आहे. पोहून आल्यावर ९० किलोमीटर सायकल आणि मग २१ किलोमीटर धावणं, तेही ऊन चढलेलं असताना. सायकलवर दहा वॅट जास्त गेले तर ते शेवटच्या सात-आठ किलोमीटरला व्याजासकट द्यावे लागतात. त्याचा सगळा पावसाळी सराव ट्रेनरच्या आकड्यांवर झालेला आहे आणि शर्यतीत मात्र समोर पेडलचा आकडा असणार. म्हणून आता आम्ही त्याच्या वहीत प्रत्येक सरावापुढे वॅट कुठल्या उपकरणाचा ते लिहितो, आणि त्याचा ट्रेनरही याच पेडलने तपासायचं ठरवलं आहे, त्याच्या स्वतःच्या सायकलवर, १७२.५ची लांबी परत घालून. तो आधी कुरकुरला, मग स्वतःच स्पॅनर घेऊन आला.

माझं एक काम राहिलं आहे. वजन टांगलं तेव्हा पाऊस होता आणि पडवीत २६ अंश. तापलेल्या धातूत नुसतं शून्यच सरकतं की वजनाला मिळणारा प्रतिसादही बदलतो, हे एप्रिलमध्ये भर दुपारी अंगणात सायकल तासभर उन्हात ठेवून पाहायचं आहे. दहा किलोने एक आणि वीस किलोने एक, असे दोन आकडे मिळाले की दोन्ही चुका वेगळ्या करता येतील. काकांना सांगून ठेवलं आहे. वीस किलोचं वजन त्यांच्याकडे आहे, पण शिक्क्याची मुदत संपत आली आहे. मार्चमध्ये पडताळून आणतो म्हणाले.